डोंगरावर गेलेली केबल

प्रिय मिर्ता,

आधी यादी देतो, कारण तू विचारणारच, 'आन्सेल्मो, तू स्वतः काय केलंस, की नुसता खाली उभा राहून हुकूम सोडत होतास?' केबलचं रीळ फिरवायचा घोडा, सायकलच्या दोन चाकांचा, मी केला. खांबावर बसून काम करता यावं म्हणून शिडीला लावलेली घडीची बैठक, तीही मीच. चौकातल्या पेट्यांची झाकणं जुन्या फ्रिजच्या पत्र्याची, आतून रबर लावलेली. पाण्याचा थेंब आत जात नाही. आणि आपल्या लोस तालास गावातला फायबरचा एकूण एक जोड. केसाएवढी काच केसाएवढ्या काचेला जोडायची. नगरपालिकेनं यंत्र आणलं, त्याचं पुस्तक कोणालाच वाचता येईना, मी चित्रं बघून शिकलो. एकही जोड पुन्हा करावा लागला नाही. बरं, एक. चर्चच्या घंटेखालचा. घंटा वाजली आणि हात हलला.

जाताना तू म्हणाली होतीस, 'या गावात काही होणार नाही, इथे दुपारी कुत्रंसुद्धा उठत नाही.' तर ऐक. हे इंटरनेटचं जाळं सगळं दुपारच्या झोपेतच उभं राहिलं. दिवे दुरुस्त करायची पाळणेवाली गाडी नगरपालिकेकडे एकच, आणि ती मोकळी फक्त दुपारी. टेलिफोन कंपनीनं एवढ्याशा गावात परवडत नाही असं कळवल्यावर नेलिदा (बेकरीवाल्याची, आता नगराध्यक्ष आहे, पण पाव अजून स्वतःच भाजते) सभेत म्हणाली, "केबल, खांब आणि गाडी नगरपालिकेची. दुपार तुमची." प्रत्येक घरानं दोन दुपारी काम द्यायचं, मग जोडणी फुकट. कोणाचं घर आधी, हे क्लबातल्या हाउजीच्या पिंजऱ्यातून चिठ्ठ्या काढून ठरलं. तुझ्या आईचं डोंगरावरचं घर निघालं सगळ्यांत शेवटी. तिनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "लग्नातही मला शेवटचीच पंगत मिळाली होती. पण तेव्हा भाजलेलं मांस गरम होतं."

तोवर तुझ्याशी बोलायला ती चॅपलच्या पायरीपर्यंत उतरायची, कारण मोबाइलला तिथेच काय ती रेंज. ऑगस्टमध्ये ती त्याच पायरीवर पडली, हे तुला माहीत आहे. मनगट जुळलंय. पण पुन्हा उतरायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणजे तुझा आवाजही बंद. गावात सगळ्यांना कळत होतं की डोंगरावर केबल लवकर जायला हवी.

आणि नेमकं तिथेच पोपटांनी दगा दिला. डोंगराच्या वाटेवर नगरपालिकेनं केबल टाकली होती, ती त्यांनी कुरतडून दोनदा तोडली. हिरवे, ओरडे, तुझ्या मावशीसारखे. सभेत ठरलं, चरबीत तिखट मिरची कालवून केबलला फासायची. मीही हात वर केला होता. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, हे नंतर कळलं. त्यांनी चरबी चाटूनपुसून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सगेसोयरे घेऊन आले. नेलिदानं हिशोबाच्या कागदावर पेन्सिल आपटली. "आणखी एकदाच पुरेल एवढी केबल उरलीय. तीही तुटली तर डोंगराचं पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष म्हणजे तुझी आई ब्याऐंशीची.

मग मला बागेला पाणी घालायचा पाइप सुचला. उभा चिरायचा आणि केबलवर कोटासारखा चढवायचा. पोपटाच्या चोचीत तेवढं जाड काही मावत नाही. चिरणार कोण, एवढाच प्रश्न होता. तुझी आई म्हणाली, "माझ्या दोन दुपारी कुठे दिल्यात मी अजून?" अंगणात बसली, शेजारी माते चहाचा पेला, डाव्या हाताला पट्टा, उजव्यात कोंबडी सोलायची सुरी. दोन म्हणत म्हणत नऊ दुपारी बसली. मी म्हटलं, "दोन्या ओतिलिया, चीर जरा सरळ येऊ द्या." तर म्हणते, "लांबुड्या, मिर्ता तुझ्याबरोबर राहिली असती तर तू तिला भाकरीही पट्टी लावून कापायला लावली असतीस." पण चीर त्यानंतर सरळ आली. मी खांबावर, ती अंगणात, आणि वाटेत शेजारी पाइप चढवत होते. पोपट तारेवर बसून बघत राहिले. आता कुरतडत नाहीत, नुसती शिवीगाळ करतात.

तिची जोडणी झाली, त्या रविवारी तू व्हिडिओ फोन लावलास, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभा होतो. मुद्दाम नाही, हत्यारं गोळा करत होतो. तुला पूर्ण वेळ तिचं कपाळच दिसलं. फोन जरा खाली धरा असं मी तीनदा सांगितलं, पण ती तुझ्याकडे बघण्यात गुंतली होती. ती हसत होती, मिर्ता. तुला तो भाग दिसला नाही. आणि शेवटी तू म्हणालीस, "आई, आन्सेल्मोला सांग, आभारी आहे. पैसे कामी आले."

नाही आले. त्यासाठीच हे लिहितोय, आणि मुद्दाम कागदावर, कारण पाकीट फायबरमधून जात नाही. तुझ्या तिकडच्या शेजारणीचा मुलगा रुबेन इथे आला तेव्हा तू त्याच्याबरोबर दिलेलं पाकीट मी चिठ्ठीपुरतंच उघडलं होतं: 'नऊशे ऐंशी युरो आहेत. आईचं घर आधी जोड, उरलेलं तुझ्या श्रमाचं.' पिंजऱ्यातून निघालेला नंबर मी बदलत नाही, आणि ती केबल वर गेली ती तुझ्या आईच्या सुरीनं. तिचा हिस्सा देऊन झालाय, वर सात दुपारी गावाकडे येणं आहे. पाकीट रुबेनबरोबरच परत पाठवतोय. काल आपल्याच केबलवरून तुझ्या वॅलेन्सियाहून इकडच्या कोर्दोबाचं मार्चमधलं तिकीट पाहिलं, तेवढ्यात बसतं. कपाळाच्या खालचा भाग त्याशिवाय दिसायचा नाही. आईला आधी जोडण्यासाठी तू देऊ केलेले नऊशे ऐंशी युरो मी घेतले नाहीत. मोजून घे.

अजून इथेच असलेला, तुझाच
आन्सेल्मो