कुरोदासानची सीडी

शुक्रवार, १२ जून २००९

काढलं! सतरा वर्षं राबलो. सकाळी दहाला मीटिंग रूममध्ये बोलावलं, सव्वादहाला बाहेर. प्लँट बंद, मँचेस्टरमधले आम्ही सगळे घरी.

कुरोदासान, आमचे जपानी मॅनेजर, कमरेत वाकले माझ्यापुढे. साठीचा माणूस, डोळे ओले. मग ड्रॉवरमधून एक सीडी काढून दोन्ही हातांनी दिली. घरी स्वतः बर्न केलेली. जपानमध्ये म्हणे खास चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसाठी पॉप गाणी असतात – खचू नका, उठा, अजून उशीर झालेला नाही, असली. त्यातली बारा निवडली आणि प्रत्येकाचा अर्थ इंग्रजीत एकेका ओळीत लिहून दिला. आपल्यात कुणी कुणासाठी एवढं करतं का?

घरी सांगितलं तर मंजिरी म्हणाली, होईल काहीतरी. एवढंच! हॉस्पिटलच्या लॅबमधून आलेली, खांद्यावरची पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती बाईने. ताट भिरकावलं. आमटी भिंतभर. तिला लागलं नाही. नुसतं फेकलं होतं.

रविवार, १४ जून

सुपरमार्केटच्या कार पार्कात गाडीत बसून अख्खी सीडी ऐकली. शब्द एक कळत नाही. पण काय गातो तो बाप्या! घसा फोडून. आणि चौथं – आधी मोठा ढोल, धाड धाड धाड, छातीत बसतो, मग ट्रम्पेट. कुरोदासाननी लिहिलंय : जड बॅग घेऊन तू चढ चढतो आहेस, कुणाचं लक्ष नाही असं तुला वाटतं, पण कुणीतरी तुझी पावलं ऐकतंय.

सत्तेचाळीस वर्षांचा घोडा मी, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

त्यांच्या घरी कराओकेला जायचो ते आठवलं. केवढंही बेसूर गा, कुणी हसत नाही. गाणं संपलं की सगळ्यांच्या टाळ्या, साहेबाला तेवढ्याच, शिपायाला तेवढ्याच. माझ्या घरात मला टाळ्या कधी मिळाल्या? घरी सीडी लावलीच नाही. ती नाक मुरडणार. आपली गाडीच बरी.

सोमवार, २२ जून

जॉबसेंटर. समोर बावीस वर्षांची पोरगी. मला सीव्ही लिहायला शिकवते!

शुक्रवार, ३ जुलै

हात उचलला. लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे.

ती म्हणाली, तात्पुरतं सुपरमार्केटच्या टिलवर, गल्ल्यावर बसायला काय हरकत आहे. मी – टिलवर! उचलली जीभ लावली टाळ्याला. आधी तिचा मोबाईल घेतला, मग लँडलाईनची वायर काढली. हे आता सवयीने होतं. पण भिंती इथल्या पुठ्ठ्याच्या. हिवाळ्यात कुणीतरी फोन केला होता, दारात पोलीस. तेव्हा मंजिरीने सांगितलं, जिन्यावरून पडले. आणि ते गेले. ते डावीकडचे स्टुडंट्स असणार, नक्की. उजवीकडे म्हातारा केन, रिटायर्ड पोस्टमन, कानाला मशीन लावूनही ठार बहिरा.

तर म्युझिक सिस्टिमवर सीडी लावली, आवाज पूर्ण वाढवला. पाचवं लागलं. ते संथ आहे, मधेच तिचा आवाज वर येत होता, म्हणून उशी दाबली तोंडावर. थोडा वेळच. मनगट कसं गेलं मला आठवत नाही. दारात सापडलं, असं ती तिच्या हॉस्पिटलात सांगणार आहे. स्वतःच म्हणाली, मी सांगितलं नाही.

नंतर मी चहा केला तिच्यासाठी. प्यायली नाही.

शनिवार, ११ जुलै

केन कुंपणापाशी आला. विचारतो, ते म्युझिक कुठलं? म्हटलं, तुम्हाला ऐकू येतं? म्हणाला, शब्द नाही येत, ढोल असेल तर भिंतीतून तेवढा जाणवतो. चांगलं वाटतं म्हणाला. बायको गेल्यापासून घरात आवाजच नाही.

सीडी मिळाल्यापासून पहिल्यांदा कुणी विचारलं! अर्धा तास उभं राहून त्याला सगळं सांगितलं. मग आत जाऊन एक कॉपी बर्न केली, कागदावर बाराच्या बारा अर्थ मोठ्या अक्षरांत उतरवले आणि नेऊन दिलं. दोन्ही हातांनी. सारखा माझ्या मागे, आमच्या किचनच्या खिडकीकडे बघत होता. थकलाय बिचारा.

रविवार, २ ऑगस्ट

अन्वी ग्लासगोहून आली होती. आईचं प्लास्टर बघितलं आणि सुरू. तिची ती मोडकीतोडकी मराठी –

"बाबा, तू आईचं हात मोडलास. खोटी बोलू नको."

एकोणीस वर्षांची पोर, मला! हिच्या फीसाठी मी शनिवार-रविवार ओव्हरटाईम केले. मी आरडाओरडा केला, मान्य. तिच्या अंगाला बोट लावलं नाही. फक्त तिच्या कानाजवळून दारावर बुक्की मारली. फळीला भोक पडलं, बोटं सुजलीत. पोरगी हलली नाही. आईसारखी नाही ती.

चल माझ्याबरोबर, म्हणत होती आईला. मंजिरी नाही म्हणाली. म्हणाली, तो तिथेही येईल. येईनच! घर असं हातातून जाऊ देईन होय?

जाताना अन्वी केनकडे गेली, खिचडीचा वाडगा घेऊन. अर्धा तास बसली होती. मशीनची बॅटरी बदलून दिली म्हणे. परक्या म्हाताऱ्याची सेवा, आणि बापाला तोंड दाखवत नाही.

रविवार, ९ ऑगस्ट

एकतीस अर्ज. एक उत्तर नाही.

रविवार, २३ ऑगस्ट

आज मंजिरीशी चांगलं बोलणं झालं. कपडे घडी करत होती, एका हाताने. मधेच म्हणाली, तुझ्या सीडीतलं ते ढोलाचं कुठलं? मी म्हटलं, चौथं, गाडीत लागलं असेल. म्हणाली, ते छान आहे. पाचवं रडकं आहे.

मला भरून आलं. वीस वर्षांत माझी एखादी गोष्ट तिला आवडली असेल तर ही. लगेच लावायला उठलो. आत्ता नको, डोकं दुखतंय, म्हणाली. बरं, नको.

शनिवार, ५ सप्टेंबर

एक दिली फक्त. सीडी लावण्याइतकं काही नव्हतं.

रविवार, २० सप्टेंबर

राजीवच्या घरी, बोल्टनला. माझ्या ऑफिसातला, एकटाच राहतो. त्याने गाडीतली माझी बॅग आणून दिली म्हणून ही वही तरी हातात आहे.

शुक्रवारी सकाळी इंटरव्ह्यू होता. समोर दोन पोरगे, एकाच्या कानात बाळी. चाळीस मिनिटांचा वेळ दिलेला, पंधरा मिनिटांत हस्तांदोलन. एक जण म्हणाला, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात. म्हणजे म्हातारे.

संध्याकाळी घरी आलो तर फ्रीजमध्ये केकचा बॉक्स. अर्धा केक, वर आयसिंगने 'काँग्रॅच्युलेशन्स मंजिरी'. सीनियर झाली लॅबमध्ये. कधी? तीन आठवडे झाले, केक आज कापला! अख्ख्या लॅबला माहीत, नवऱ्याला नाही. का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, भीती वाटली. भीती! मी काय राक्षस आहे?

पडदे ओढले. मोबाईल घेतला. वायर काढली. सीडी घातली, आणि मुद्दाम, तिच्या आवडीचं म्हणून, चौथं लावलं. रिपीटवर. आवाज शेवटपर्यंत.

ती पळाली नाही. नेहमी जिन्याकडे पळते. ह्या वेळी सोफ्यामागे गेली, डोकं हातात धरून खाली बसली, आणि माझ्याकडे नाही, उजवीकडच्या भिंतीकडे बघत राहिली. त्याचाच राग आला. केस धरून बाहेर ओढलं. पहिला ठोसा बसला तेव्हा ढोल चालू होता. पुढचे मोजले नाहीत. केक तिच्या तोंडात कोंबला, हे आठवतंय. खा, म्हटलं, खा तुझं प्रमोशन. मग गळा. माझेच हात मला दुसऱ्याचे वाटत होते. तिने माझ्या मनगटावर नखं रोवली, अजून चार खुणा आहेत. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं. तिचे डोळे वर जायला लागले होते.

आणि दार फुटलं. तीन पोलीस. सात मिनिटांत, असं नंतर स्टेशनवर कुणी तरी बोलताना ऐकलं. मला जमिनीवर पालथं घातलं, हात मागे. कुणाला म्युझिक बंद करायचं सुचत नव्हतं. मी कार्पेटवर नाक दाबून पडलेलो आणि वर तो बाप्या गातोय.

जिवंत आहे ती. तिच्याच हॉस्पिटलात, गळ्याला सूज, गालाचं हाड मोडलंय. अन्वी तिच्याजवळ आहे. मला जामीन मिळाला, पण त्या रस्त्यावर पाऊल टाकायला बंदी.

स्टुडंट्सनीच केला असणार फोन. पण राजीव म्हणतो, ते घर जूनपासून रिकामं आहे.

मंगळवार, २९ सप्टेंबर

सॉलिसिटरने आज केनचं स्टेटमेंट वाचून दाखवलं.

खिचडी घेऊन गेली त्या दिवशी अन्वीने त्याच्याशी ठरवलं. आई फोन करू शकणार नाही, सीडी लागली की तुम्ही करा. त्याला भिंतीतून एकच गाणं कळायचं, ढोलाचं. ते मी लावेन एवढं बघायचं काम मंजिरीचं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी आमच्या भिंतीला खुर्ची लावून बसायचा. मशीनचा आवाज पूर्ण वाढवून, मांडीवर माझा कागद.

कागद पुराव्यात जोडलाय. सॉलिसिटरने विचारलं, हे अक्षर तुमचं का? चौथ्यापुढे, मोठ्या अक्षरांत : कुणीतरी ऐकतंय.

हो म्हटलं.