जोड्या लावा

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. या हॉस्पिटलात कोणाला कदर नाही, तेव्हा माझी नोंद मीच ठेवलेली बरी. काउंटरवर ‘या पेशंटचं कोण?’ असं विचारलं की आमचा डेटाबेस नातेवाइकांचं अख्खं टेबल, म्हणजे सगळी यादी, चाळत बसायचा. तोवर नर्सचा चहा पिऊन व्हायचा. मी जॉइन इंडेक्स बनवला. म्हणजे शाळेतलं ‘जोड्या लावा’च, फक्त उत्तरं आधीच लावून ठेवलेली: पेशंटची ही ओळ, नातेवाइकाची ती ओळ. विचारायचा अवकाश, उत्तर हजर! आई पोटाच्या ऑपरेशनसाठी कालच इथे दाखल झालीय. पहिली जोडी तिची आणि माझी काढून पाहिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. साहेब नुसतं ‘हं’ म्हणाले. जळतात.

४ मार्च

नर्सची कुरकुर. नाव भरताना, बदलताना सिस्टिम अडकते म्हणे. अडकणारच. टेबलात काही बदललं की इंडेक्समधली जोडीही नव्याने लावावी लागते. आपोआप अपडेट बंद करून टाकलं. दर रविवारी हाताने करीन. नवे पेशंट? त्यांचे नातेवाईक शेजारीच उभे असतात. जुन्यांचे काय रोज बदलतात?

संकल्प: उद्या आईकडे वर वॉर्डात जायचं.

५ मार्च

जमलं नाही. इंडेक्सवर नजर ठेवावी लागते. ताई मात्र दोन्ही वेळा येऊन आईची वेणी घालून गेली. तिला दुसरं काम काय! नर्स म्हणाली, आईने काहीतरी बदलून घेतलंय. उशी असेल.

७ मार्च, सकाळ

काउंटरवरून मलाच फोन! ऑपरेशन अलीकडे आलंय, जवळच्या माणसाने ताबडतोब यावं. ताईला नाही, मला! वेळ आली की पोटचा मुलगाच आठवतो. धावत गेलो. आईने विचारलं, ताई कुठाय? म्हटलं, कळवलं असेलच, तिला वेळ नसेल. आई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मी आलो म्हणून. मलाही भरून आलं.

९ मार्च, रविवार

आई सुखरूप. ताई मात्र काउंटरवर आगपाखड करत होती. दोन रात्री फोन उशाशी घेऊन झोपले, मला कोणी का कळवलं नाही, आई एकटी आत गेली, वगैरे. एकटी? मी होतो की! साहेबही खाली आले. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. सगळ्यांसमोर इंडेक्स अपडेट केला आणि म्हटलं, आता बघाच. आईचं नाव टाकलं.

क्षणात उत्तर. नातं: मुलगी. शेरा: मुलाला कळवू नये.

हे आईने बुधवारीच लिहवून घेतलं होतं म्हणे. ताई माझ्याकडे न बघता वर निघून गेली.

साहेब मात्र पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, खरंच फास्ट आहे.