आशाचं कागदावरचं इंग्रजी

आलापल्ली,
माघ सरता

प्रिय भाऊ देवाजी यास, थोरल्या बहिणीचा जयभीम.

तू आमाले विसरला हे मले माहीत हाये, म्हणून आधी ओळख सांगून राह्यली. मी अंजनाबाई, तुले कडेवर घेऊन प्राणहिता नदी ओलांडली तीच. दोन पत्रं धाडली, तुझं उत्तर नाई. लहानपणी शाळेत पाटी विसरून यायचा, आता नागपूरले जाऊन बहीण विसरला. वस्तू मोठी झाली, एवढाच फरक. वहिनीचा गुडघा कसा हाये? (माझा विचारू नको, तो जिथं होता तिथंच हाये.)

हे पत्र शेजारच्या कय्यूमभाऊची नसीम लिहून राह्यली. नातीले, म्हंजे आशाले, मी विहिरीवर धाडली, काऊन का गोष्ट तिचीच हाये.

आशा बारावी झाली हे तुले कळवलं होतं (तेही विसरला असशील). चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसायची नोकरी निघाली. फोन उचलायचा, इंग्रजीत बोलायचं, ज्याचा त्याले जोडून द्यायचा. इंग्रजीसाठी मी तिले अकरावीपासूनच बापूरावकडे बसवली होती. बापूराव म्हंजे जंगल ऑफिसातला जुना बाबू. तीस वर्षं सायबाची पत्रं त्यानंच लिहिली. गावात त्याच्याएवढं इंग्रजी कोणाले नाई. फक्त ते त्यानं कधी तोंडानं बोललं नाई, बोलायले समोर होतं कोण, सागाची झाडं. दोन वर्षं पोरीनं त्याच्या जुन्या पत्रांच्या नकला पाठ केल्या. मी ओसरीवर बसून ऐको. समजे काहीच नाई, पण वजनदार लागे, जसा ओंडका बैलगाडीवर चढून राह्यला.

मुलाखतीत सायबानं इंग्रजीत विचारलं, कशी आहेस. बस, एवढंच. आशा उठून उभी राह्यली, हात जोडले आणि सुरू झाली: माननीय महोदयांच्या कृपेने माझी प्रकृती ठीक असून आपलीही तशीच असावी अशी नम्र प्रार्थना आहे. मंग त्या दिवसाची तारीख सांगितली. मंग म्हणाली, आपली अत्यंत आज्ञाधारक सेविका, आशा. आणि खाली बसली. पत्र संपलं होतं ना. (नसीम, हसू नको, शाई सांडन.)

सायब रागावला नाई म्हणते. तिथं एक तरणी बाई होती, तिनं हळूच समजावलं, बेटा, असं आता कोणी बोलत नाई. आता लोक ओके म्हणतात, हाय म्हणतात, अर्धं वाक्य बोलून उरलेलं सोडून देतात. फोनवरचा माणूस एवढा वेळ थांबत नाई. महिन्यानं पुन्हा ये, बोलायचं शिकून ये.

तेव्हापासून मले घोर लागला, भाऊ. मले वाटे इंग्रजी म्हंजे सागवान. एकदा घराले बसवलं का नातवंडांपर्यंत पाह्यचं काम नाई. हे तर बांबू निघालं, दर पावसाळ्यात नवे कोंब. मंग जिच्या घरात कोणी बोलतच नाई, त्या पोरीले कसं कळावं का यंदा कोणता कोंब निघाला? शहरातल्या पोरी ऐकून शिकतात. आपली कागदावरून शिकते, आणि कागद इथवर यायले तीस वर्षं लागतात. रस्ताच तसा हाये.

तिकडे बापूराव चार दिवस झाले चहाले येत नाई. आशा बोलवायले गेली तर म्हणे, पोरी, मी तुले मेलेलं शिकवलं. ती म्हणाली, गुरुजी, स्पेलिंग तर सगळी जिवंत हायेत. तरी नाई आला. आणि स्वतः आशा फोनचं नाव काढू देत नाई. म्हणते, आजी, मी इथंच बिडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधीन. (बांधता येत असते तर गोष्ट वेगळी. तिचा पुडा हातात घेतला का सुटते.)

बाकी सगळं ठीक. घरच्यांले जयभीम, लेकरांले मुके.

तुझी बहीण
अंजनाबाई
(अंगठा माझाच हाये, शाई संपत आली म्हणून फिका उठला)

ता. क. आशाले महिनाभर तुझ्याकडे ठेवून घे. तुझी नात इंग्रजी शाळेत जाते, ती घरात जे बोलते ते हिच्या कानावर पडू दे. दोघींची भांडणं झाली तर सोडवू नको, फक्त इंग्रजीत करा म्हण.

आणखी एक. बापूरावचा दोष नाई. आशा आधी कय्यूमभाऊच्या रेडिओवर इंग्रजी बातम्या, क्रिकेटचं बोलणं ऐकत होती, आणि तसंच पटापट बोलून पाह्यची. ते मीच बंद केलं. म्हटलं, ही काय बडबड, खरं इंग्रजी फाइलीत असते. मले तर दोन्ही येत नाई. हे आशाले सांगू नको. तिले माहीत हाये, आणि तिनं एकदाही तोंडातून काढलं नाई. घोर त्याचाच हाये.

शेवटचं. बापूरावले इंग्रजीत एक पत्र लिही, जुन्या रीतीचं, लांबच लांब, खाली आज्ञाधारक सेवक लिहून. संगं अर्धा किलो संत्रा बर्फी धाड, मऊ पाहून घे, त्याले वरचे दात नाई. डब्यावर नाव त्याचं टाक, पण पत्ता माझ्या घरचा. बर्फी न्यायले तरी यावंच लागन त्याले.