एका चिपचा रेडिओ

बाबा, बंदराकडच्या आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाला भाडेकरू मिळतोय. मोबाइलची कव्हरं विकणार आहे. आई माझ्या होकारासाठी थांबली होती. तुम्ही गेल्यापासून ती रोज शटर उघडते, झाडते, पुन्हा लावते. दुरुस्तीला कोणी येत नाही. का येत नाही, ते तिच्यापेक्षा मला जास्त कळतं. माझं कामच ते आहे.

नारळी पौर्णिमेआधी होड्यांवरचे रेडिओ दुकानात येऊन पडायचे. तुम्ही सेट चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आतल्या बोर्डावर टकटक करायचात. जिथे आवाज खरखरतो, तिथला सांधा खाऱ्या हवेने खाल्लेला असतो. तो पुन्हा सोल्डर करायचा, वर वॉर्निशचा हात फिरवायचा. कॉलेजातून मी एका चिपचा रेडिओ आणला, तोही तुम्ही सवयीने ठोकून पाहिलात. आवाज जराही हलला नाही.

"ह्यात सैल होण्यासारखं फारसं काही नाहीच," मी म्हटलं. "स्टेशन पकडणं, आवाज वाढवणं, सगळं ह्या एका चिपच्या आत. बाहेर सांधे मोजकेच. सेलही जास्त दिवस पुरतात."

"नि ही चिपच गेली तर?"

"नवा घ्यायचा. स्वस्त असतो."

बाकावर रेडिओसाठी थांबलेला होडीचा तांडेल खदखदून हसला. "शेट, पोरीला बसव आता गल्ल्यावर. तू चल माझ्याबरोबर जाळी ओढायला!"

"मला बोट लागते रे," तुम्ही म्हणालात, आणि तुम्हीही हसलात.

आज मी अशाच चिप तपासते. माझं म्हणणं बरोबर होतं. वीज कमी लागते, जागा कमी लागते, खाऱ्या हवेला शिरायला वाव कमी. होडीवरचा रेडिओ, नकाशा, टॉर्च आता एका फोनमध्ये मावतात. तुमचा प्रश्नही बरोबर होता. चिपच्या आत बिघाड झाला तर तो कुठे आहे एवढं मी सांगू शकते. दुरुस्त मलाही करता येत नाही.

काल मी आईला हो म्हटलं. तिने विचारलं, "ह्यांना पटलं असतं काय गो?"

"पटलं असतं," मी लगेच म्हटलं. ती भाडेकरूला फोन लावायला उठली.

हे पत्र तिला दाखवणार नाही. तुम्हाला पटलं असतं की नाही, मला माहीत नाही. पटायला हवं होतं असं वाटतं, एवढंच.