गार चहाचा सूड

३ तारीख, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण: सूड. लिहून ठेवलं नाही तर राग विसरतो, हा माझा एकच दोष. बाकीचे लोकांनी काढलेले.

सकाळी बोर्डासमोर उभी मीटिंग. आमच्या हॉस्पिसमध्ये रोज असते. काल काय अडलं, आज काय बदलायचं, ते प्रत्येकाने सांगायचं. ह्याला इंप्रूव्हमेंट म्हणतात. बसू दिलं तर कुणी उठणार नाही, म्हणून उभी. आज इन्चार्ज सिस्टरने (मनातल्या मनात मी तिला कडक इस्त्री म्हणतो) सगळ्यांदेखत सांगितलं की एका पेशंटची तक्रार आहे, चहा गार येतो.

चहाची ट्रॉली ढकलतो कोण? मी. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

कुणाची तक्रार, विचारलं. इस्त्री म्हणते, नाव महत्त्वाचं नाही, चहा महत्त्वाचा. वर म्हणाली, तुझ्यात एम्पथी कमी पडते.

घरी सांगून ठेवलंय की माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. आणि इथे ही अब्रू. तक्रार करणाऱ्याला शोधणार. सोडणार नाही.

४, मंगळवार

एम्पथीची चौकशी केली. अ‍ॅलोपथी माहीत आहे. होमिओपथी आत्याला लागू पडते. ही तिसरी असणार. कमी पडत असेल तर घेऊन टाकू, म्हणून खाली औषधांच्या खिडकीवर गेलो. फार्मसीवाल्याने गंभीर तोंड करून विचारलं, गोळ्या हव्यात की पातळ? मी म्हटलं, पातळ. आत जाऊन आला. म्हणे स्टॉक संपलाय, हल्ली सगळीकडेच शॉर्टेज आहे.

संध्याकाळी ताईला फोन. आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, येड्या, एम्पथी म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं. मी म्हटलं, घरदार सोडून एवढ्या लांब दुसऱ्याच्याच जागी राहतोय की! ह्यावर तिने विषय बदलला. हरली.

सुडाच्या यादीत फार्मसीवाला दुसरा.

५, बुधवार

तपास सुरू. इथे माणूस बरा व्हायला येत नाही, शेवटचे दिवस बरं वाटायला येतो. त्यामुळे तक्रारी कमी. गुन्हेगार लगेच सापडेल.

संशय पहिला: हेडबाई. किचनशेजारचा पहिला बेड. रिटायर झाल्या तरी शाळा सुटलेली नाही. पहिल्याच दिवशी माझ्या शर्टाचं बटण चुकलंय म्हणून मला परत पाठवलं होतं.

खिडकीजवळच्या शेवटच्या बेडवर ड्रायव्हर आजोबा. जन्मभर बस चालवली. मला कंडक्टर म्हणतात. मी कपावर चमचा दोनदा वाजवून डबल बेल दिल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत. शुद्ध अपमान. पण संशय नाही. आजोबा आपल्या पार्टीचे.

गुन्हेगार हेडबाईच.

६, गुरुवार

सूड घेतला! ट्रॉलीचा रूटच उलटा केला. खिडकीपासून सुरू, हेडबाई शेवटी. प्या गार!

मीटिंगमध्ये कारण द्यावं लागलं. गरीब तोंड करून म्हणालो, खिडकीकडच्यांना फार थांबावं लागतं हो. इस्त्रीने ते बोर्डावर लिहिलं. टाळ्या. टाळ्या प्लॅनमध्ये नव्हत्या, पण घेतल्या.

ड्रायव्हर आजोबा म्हणाले, बऱ्याच दिवसांनी जीभ पोळली बघ. खूश होते. बस जरा म्हणाले. मला कुठला वेळ? हेडबाईंचं तोंड बघायला जायचं होतं.

८, शनिवार

घोटाळा. हेडबाईंनी तोंडावर सुनावलं: तुझा चहा म्हणजे सरबत आहे. आता जी बाई तोंडावर बोलते ती मागून कशाला बोलेल? म्हणजे गुन्हेगार दुसराच. तपास पुन्हा पहिल्यापासून.

मीटिंगमध्ये इस्त्रीने विचारलं, एक टोक गरम झालं तर दुसरं गार पडलं, आता काय करू या? मी वैतागून म्हटलं, मग द्या दोन किटल्या माझ्या डोक्यावर! टोमणा होता. तिने लिहून घेतला. दुपारी दोन किटल्या हजर, लोकरीच्या टोप्या घालून. आता ट्रॉली दुप्पट जड. आपल्याच पायावर कुऱ्हाड, आणि वर तिला टोपी.

१०, सोमवार

आता थेट इस्त्रीवर हल्ला. मीटिंगमध्ये म्हणालो, कुणाचे तरी बूट टकटक वाजतात, पेशंट दचकतात. नाव नाही घेतलं. नाव महत्त्वाचं नाही. फक्त तिच्या बुटांकडे बघत राहिलो. मग सगळेच बघायला लागले. लाल झाली. जेवण गोड लागलं.

११, मंगळवार

इस्त्री कापडी बुटांत आली. नाव घेऊन माझे आभार मानले. बाईला धड अपमानही करून घेता येत नाही.

शिवाय आता ती आलेली कळत नाही. चादरींच्या खोलीत बिस्किटं खाताना मागे येऊन उभी.

१३, गुरुवार

ड्रायव्हर आजोबांनी चहा अर्धाच घेतला. आवाज खोल गेलाय. मी बसलो थोडा वेळ. तपासासाठीच. विचारलं, आजोबा, तुमचा कुणावर संशय?

हसले, हसता हसता खोकले. मग म्हणाले, अरे कंडक्टर, तक्रार मीच केली.

कानावर विश्वास बसेना. म्हणाले, तू कप ठेवतोस आणि पळतोस. गार आहे म्हटलं की दुसरा घेऊन परत यायचास. तेवढीच एक जास्तीची फेरी. एक दिवस म्हणालास, प्यायचा तर प्या, आणि परत आलाच नाहीस. मग डेपोत कळवलं.

घरचा भेदी! ज्याला रोज डबल बेल दिली, त्यानेच ब्रेक मारला. उद्या ह्यांना असा गार चहा पाजतो की पुन्हा चहाचं नाव काढणार नाहीत.

१४, शुक्रवार

चहा लवकर ओतून पंख्याखाली ठेवला. पार गार केला. ट्रॉलीची वाट न बघता हातात घेऊन गेलो.

बेडजवळ इस्त्री. म्हणाली, पहाटेपासून त्यांना गिळता येत नाहीये. माझ्या हातातला कप बघितला, बोट लावलं, आणि माझ्याकडे बघतच राहिली. म्हणे, तुला कसं कळलं? आता गरम चालणारच नाही, गारच, तोही ओठांना लावण्यापुरता. मी तुला सांगायलाच येणार होते.

काय सांगणार? तिने काडीला लावलेला स्पंज हातात दिला. चहात बुडवून ओठांवर फिरवायचा. ती उभी होती म्हणून फिरवला. ती गेली तरी फिरवला, अर्धवट कसं सोडणार?

आजोबांनी स्पंज जरासा चोखला. मग चादरीवर दोन बोटं आपटली. लक्षात यायला वेळ लागला. कपावर चमचा वाजवला. दोनदा.

सूड अपुरा. बाकी उद्या.

१५, शनिवार

आजोबा पहाटे गेले. चहाच्या आधीच.

मीटिंगमध्ये इस्त्री त्यांच्याबद्दल बोलली, मग माझ्याबद्दल. बोर्डावर माझ्या नावापुढे तारा, एम्पथीचा. फार्मसीवाला कानात म्हणाला, स्टॉक आला वाटतं. उत्तर तयार होतं, पण डोळ्यात काहीतरी गेलं. इथे झाडू नीट मारत नाहीत. बोर्डावर घातलं पाहिजे.

ताईला फोनवर सांगितलं, दुश्मन निसटला. नेहमीसारखी हसली नाही. विचारलं, जेवलास का रे?

दुपारी ट्रॉली सवयीने खिडकीपाशी नेली. कप भरला. भरल्यावर लक्षात आलं की बेड रिकामा आहे, चादरसुद्धा बदललीय. ओतलेला चहा किटलीत परत घालता येत नाही, नियम आहे. म्हणून स्टुलावर बसलो. पलीकडून हेडबाई ओरडतील वाटलं, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. बेल द्यायची कुणाला, म्हणून दिली नाही. नुसताच बसलो.

मग प्यायलो. गार होता.

उद्या मीटिंगमध्ये तक्रार करणार. नाव सांगणार नाही.