आत काहीतरी वाजतंय

ती. देवदत्तमामांस, मुलुंडहून श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे सुहासिनी बरी आहे. मी घाबरलोय. (फोनवर ऐकलेलं तुम्ही मामींना ओरडून सांगता, म्हणून पत्र.)

माझा मित्र चंद्रप्रकाश, अंधेरीला एमआयडीसीत त्याचा गाळा आहे. त्याने हवाई दलाच्या शिकाऊ विमानाचं जुनं इंजिन लिलावात उचललं. नऊ सिलिंडर, गोलाकार मांडलेले. पाच वर्षांत या माणसाने एक रविवार घरी काढलेला नाही. रिटायर झाल्यापासून मीही मदतीला जातो. (बँकेत जन्म गेला, त्यामुळे मला फक्त पुसायचं काम मिळतं.) पण काय वस्तू आहे, मामा. पेट्रोल कुठून शिरतं, धूर कुठून निघतो, विचारून विचारून मी त्याचं डोकं खाल्लंय. शनिवारी तो चहाला गेला आणि मला राहवेना. उघड्या मागच्या भागात हात घालून छोट्या पान्याने आतला एक नट घट्ट आहे का, तेवढं बघितलं. त्याने येऊन झाकण लावलं, आम्ही पहिल्यांदाच इंजिन हाताने फिरवलं आणि आत खळ्ळकन वाजलं. "श्याम, काहीतरी आहे ना रे आत?" मी गुपचूप पाने मोजले. छोटा पाना गायब. मी म्हटलं, जुनी वस्तू आहे, वाजणारच.

पंधरा दिवसांनी, रविवारी, ते सुरू करायचंय. आत पाना असेल तर दात तुटतील (आधी इंजिनाचे, मग माझे) आणि त्याच्या पाच वर्षांची वाट लागेल. त्याला खरं सांगायला जीभ रेटत नाही. तुम्ही हवाई दलात असल्याच इंजिनांवर फिटर होतात, अजून जेवणानंतर चमचे मोजून ठेवता. माझा आधार तुम्हीच.

तुमचा,
श्यामकांत

ता. क. आदल्या शुक्रवारी या. सहज आलोय म्हणा आणि मागचं झाकण उघडायला लावा. तुम्हाला तो नाही म्हणायचा नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवताना सुहासिनीने पाना आणून दिला. माझ्या पँटच्या खिशात होता, तीन दिवस ती त्याने कुकरची दांडी आवळतेय. चंद्रप्रकाशला सगळं सांगून टाकलं, शिव्या खाल्ल्या, हलकं वाटलं. मग इंजिन पुन्हा फिरवलं. अजून वाजतंय. तरी शुक्रवारी याच. इंजिनावरच्या पट्टीवर शेवटच्या दुरुस्तीचं साल एकाहत्तर आहे. रागावू नका, नुसतं कुतूहल म्हणून विचारतो, तेव्हा तुमच्याकडे पाने कोण मोजायचं?