पुलावरून केलेल्या नोंदी

प्रिय दादा,

खाणीच्या परवानगीसाठी तू लिहिलेला अहवाल वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा रागाने वाचला आणि रागात मी ओळी गाळते. चौदाव्या पानावर तू आपल्या नदीला ‘हंगामी ओढा, उन्हाळ्यात कोरडा’ म्हटलं आहेस. ओढा ठरला की दगडाच्या खाणीला जंगलात वाट मोकळी. आणि पुरावा म्हणून जोडली आहेस माझ्याच डायरीची नऊ वर्षांची पानं. अक्षर माझं, नोंदी माझ्या. तू खोटं काहीच जोडलं नाहीस, हेच तर झोंबलं.

नऊ वर्षं मी दर रविवारी पुलाच्या कठड्याला टेकून खाली बघायचे आणि उन्हाळाभर ‘कोरडी’ लिहून घरी यायचे. खाली उतरायचा कंटाळा. चपला खराब होतात, हे कारण मी कुठेच लिहिलं नाही, आज लिहिते. दहाव्या उन्हाळ्यात चष्मा पुलावरून खाली पडला म्हणून उतरले, तर एका धोंड्यावर पाणमांजराची ताजी विष्ठा, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. कोरड्या नदीत मासे कुठले? वळणापर्यंत चालत गेले. पुलाखाली वाळूत शिरलेलं पाणी तिथे काळ्या खडकाच्या पट्ट्याला अडून वर येत होतं. पुढे डोह, बोटभर मासे, खेकडे, काठाच्या मातीत खंड्याचं बीळ. नदी आटली नव्हती. दोनशे पावलं जमिनीखालून चालत होती.

त्याच दिवशी तुला फोन केला. ‘बाईसाहेब नऊ वर्षांनी पुलावरून उतरल्या!’ म्हणून तू खदाखदा हसलास. पुढच्या रविवारी आलास आणि पँट दुमडून त्या डोहात गुडघाभर पाण्यात उभा राहिलास. त्या दिवसाच्या नोंदीचं पानही माझ्याकडे आहे. त्यानंतरची अकरा वर्षं तुझ्या अहवालात नाहीत.

वहिनी म्हणेल, खाण व्हायची ती होणारच, सख्ख्या भावाला तोंडघशी पाडून तुला काय मिळणार? मीही स्वतःला विचारलं. माझं अक्षर वापरलंस याचा राग नदीच्या काळजीपेक्षा मोठा आहे का? असेल. माझा राग कसाही असो, पाणी तिथे आहे. लोक म्हणतील, जिला नऊ वर्षं नदी दिसली नाही ती आता साक्ष द्यायला आली. म्हणू देत.

आधी माझ्याशी बोलायचं होतंस, असं तू म्हणशील. बोलले असते तर तू मला समजावलं असतंस आणि मी समजले असते; आजवर तसंच होत आलंय. म्हणून हे पत्र तुला मिळेल तोवर मी ते खाणीच्या सुनावणीच्या कचेरीत साक्ष म्हणून दिलेलं असेल, अकरा वर्षांच्या वह्यांसकट, आणि शिक्क्याची पोच घेतलेली असेल. तुझ्या हातात आहे ती नक्कल. आता मलाही मागे फिरता येणार नाही. सोमवारी अकरा वाजता मला पुकारतील. आधी माझी चूक सांगेन, मग तुझी. तू समोर बसलेला असशीलच. वाटलं तर माझ्याआधी उठून उभा राहा.

तरीही तुझीच,
धाकटी